सुतावरून

आमच्या ट्रकच्या हौसिंगमधलं तेल कोण काढतं, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात महिना-दीड महिना चालला. चोर कोण याबद्दल मतभेद नव्हता. फक्त पुरावा हवा होता आणि तो मिळवायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

ट्रक जुना होता. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात येण्याआधी त्याचे दोन मालक होऊन गेले होते. करमाळ्याकडचं गाव सोडून आण्णा सोलापुरात आले ते दुसऱ्यांच्या गाड्या चालवायला. पुढे हा ट्रक घेतला आणि गुडघे गेल्यावर चालवायला मल्लप्पाला ठेवलं. मल्लप्पा होटगीचा. घरी कानडी बोलायचा, आमच्याशी मराठी. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून तो ट्रकवर होता. चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे कारखान्यांतून उचलायचे आणि गोदामांना पोचवायचे, हे काम. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग होते. त्यांची खटखट सकाळी सुरू व्हायची आणि ती आम्हाला ऐकू यायची नाही; वीज गेली की मात्र सगळे एकदम दचकून वर बघायचे. ट्रकच्या हौद्यात, सीटखाली, आमच्या अंथरुणात, कधीकधी आमटीतसुद्धा सुताचे तुकडे सापडत. हिरवे, लाल, निळे. मागवाले टाकाऊ सुताचे पुंजके पोत्यांनी देत आणि हात पुसायला, बोल्ट पुसायला आम्ही तेच वापरत असू.

आण्णा कोणावर विश्वास ठेवत नसत. दूधवाल्यासमोर दूध मापून घ्यायचे आणि नंतर मापाचं बूड तपासायचे. आईने चटणी कुटली तर शेंगदाणे किती घातले ते विचारायचे. गॅरेजवर तर त्यांचा राग जुना होता. एकदा मेस्त्रीने गिअरबॉक्सचं आणि हौसिंगचं तेल बदललं म्हणून सांगितलं. हौसिंग म्हणजे मागच्या आखाच्या मधोमध असलेला लोखंडी फुगवटा. इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारे दाते त्यात तेलात बुडालेले असतात. आण्णांनी गाडीखाली वाकून पाहिलं तर तेल सोडायच्या बोल्टावर आठ दिवसांपूर्वीचा चिखल जसाच्या तसा होता. ते तसेच घरी येऊन आईला म्हणाले, "आजपासनं गाडीचं समदं तेल हितं, माज्या डोळ्यांफुडं बदलायचं."

"माजी परात मागू नका," आई म्हणाली.

परात गेलीच. आमच्या अंगणापुढचा रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला होता आणि अंगण खाली राहिलं होतं, म्हणून गेटात आण्णांनी फरश्यांचा उतार करून घेतला होता. ट्रक तोंड आत करून लावला की पुढची चाकं अंगणात पेरूच्या झाडाजवळ यायची आणि मागची गेटातल्या उतारावर उंच राहायची. ही सोय आण्णांना फार पसंत पडली. मागचा भाग उंच, त्यामुळे हौसिंगखाली झोपायला मोकळी जागा. गुडघ्यांमुळे त्यांना खाली शिरता येत नसे. शिरायचे मी आणि मल्लप्पा.

काम अवघड नव्हतं, पण त्याचा क्रम ठरलेला होता. गाडी फेरीवरून आली की लगेच करायचं, कारण गरम तेल पातळ होऊन पूर्ण उतरतं. आधी वरचा बोल्ट खोलायचा, मग खालचा. वरचा नाहीच निघाला आणि खालून तेल सोडून बसलात तर भरणार कुठून? हे आण्णा दर वेळी विचारायचे आणि आम्ही दोघं दर वेळी एका सुरात उत्तर द्यायचो. खालच्या बोल्टाला लोहचुंबक असे. त्यावर साठलेला काळा कीस बोटांवर चोळून बघायचा. नुसता मऊ लागला तर दाते ठीक, टोचला तर काहीतरी तुटतंय. मग खालचा बोल्ट आवळून वरून नव्वद नंबरचं तेल नळी आणि नरसाळ्याने भरायचं. त्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. तो भाकरीलाही लागायचा आणि आई महिनाभर बोलून दाखवायची.

तेल पुरेसं झालं हे कळायचं बोटाने. वरचा बोल्ट, ज्याला लेव्हलचा बोल्ट म्हणतात, तो हौसिंगच्या मागच्या अंगाला असतो. त्या भोकात बोट घालून खाली वाकवायचं. तेल भोकाच्या काठाला लागलं की बस. त्यानंतर बोल्टाच्या आट्यांवर सुताचे चार वेढे देऊन तो आवळायचा, म्हणजे पाझरत नाही. वेढे द्यायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्यांदा तेल बदललं त्या दिवशी परात पेरूच्या बाजूने सांडली. आईने राखेने फरशी घासली आणि म्हणाली, "एका अंगाला भरून वाहतीय आन् दुसऱ्या अंगाला बूड उघडं. नीट धरता येत न्हाय व्हय तुमा तिगांना?" मल्लप्पा हसला. मी परात दुसऱ्यांदा सरळ ठेवली. ती पुन्हा पेरूच्याच बाजूने सांडली.

पंधरा दिवसांनी रविवारी आण्णांनी लेव्हल तपासायला सांगितली. मल्लप्पा पाय धूत होता. मी खाली शिरले, बोल्ट काढला, बोट घातलं. तेल लागलं नाही. बोट पूर्ण वाकवलं तेव्हा टोकाला लागलं. "अर्धं पेर कमी आहे," मी म्हणाले.

आण्णांनी मल्लप्पाकडे पाहिलं. मल्लप्पा पाय पुसत जवळ आला. "मालक, हितं बघू नका री," तो म्हणाला. "हितं खरं दिसत न्हाय. गाडी भायेर काढा, शाळेफुडं सपाट हाय, तितं बघू. डावं मागचं चाकबी वलं झालंय. ब्रेक धरंना."

आण्णा "बरं" म्हणाले आणि आत गेले. आत गेल्यावर आईला ते जे म्हणाले ते मी दारातून ऐकलं. "बगितलंस? तेल कमी निगालं की लगीच चाक वलं झालं. गळतीची गोष्ट आदीच पेरून ठिवतोय. आन् म्हनतोय, गाडी भायेर काढा. भायेर काढली की हातचलाखी करायला मोकळा."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या दुरुस्त करण्याचं काम मी केलं. त्यात एक गोष्ट शिकले: संशय पक्का झाला की माणसाचं बोलणं आणि गप्प राहणं, दोन्ही त्याच्याच विरुद्ध पुरावा होतात. त्या वयात ते ठाऊक नव्हतं. आम्ही तेल काठापर्यंत भरलं आणि बोल्ट लावला. पुढच्या रविवारी तेल पुन्हा अर्धं पेर कमी होतं.

मग सुताची युक्ती मी काढली. बोल्टाला दर वेळी हाताला येईल ते मिसळ सूत गुंडाळत होतो. या वेळी मी निवडून फक्त हिरवे धागे घेतले आणि पाच वेढे दिले. वेढे मोजले. मल्लप्पाने वाटेत बोल्ट खोलला तर वेढे तुटणार, त्याला नवे द्यावे लागणार, आणि रंग त्याच्या ध्यानात राहणार नाही. आण्णांनी त्या दिवशी मला जेवताना स्वतःच्या ताटातली शेंगाची पोळी दिली. आई भाकरी थापत होती. ती तव्याकडे बघूनच म्हणाली, "सुतावरनं सर्ग गाठू नका बापलेक. इतक्या वर्सांचा मानूस हाय त्यो."

"इतक्या वर्सांचा हाय म्हनूनच," आण्णा म्हणाले.

ते दोन आठवडे मी मल्लप्पाकडे वेगळ्या नजरेने पाहत होते आणि त्याच्याशी नेहमीसारखंच बोलत होते. तो सकाळी यायचा, चहा बशीत ओतून प्यायचा, आईने दिलेला भाकरी-चटणीचा डबा सीटमागे ठेवायचा. मी गाडीभोवती फिरताना दिसले की म्हणायचा, "काय इन्स्पेक्टर बाई, टायर मोजलं का? सहाच हाईत न्हवं?" मी हसायचे. तो किल्ली कुठे ठेवतो, पाना कुठे ठेवतो, हे मी बघून ठेवलं होतं. त्याच्या उजव्या बाहीला तेलाचा नवा डाग पडला तो दिवसही माझ्या लक्षात होता.

ठरलेल्या रविवारी मी खाली शिरले. मल्लप्पा गेटाजवळ उभा होता, आण्णा पायरीवर बसले होते. बोल्ट फिरवला आणि आट्यांवरचं सूत दिसलं. ते पांढरं होतं. एकही हिरवा धागा नव्हता. बोट घातलं. अर्धं पेर कमी.

मी बोल्ट तसाच आण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला. मग मल्लप्पाला विचारलं, "बोल्ट खोलला हुतास?"

"व्हय," मल्लप्पा म्हणाला.

"तेल काडलंस?"

"काडलं की."

इतक्या सरळ उत्तराची आण्णांनी तयारी केलेली नव्हती. त्यांनी मला केबिन बघायला सांगितलं. सीटखाली, जॅकच्या मागे, झाकणाचा एक पत्र्याचा डबा होता. उघडला तर नव्वद नंबरचं तेल. गंधकाचा वास, रंग अजून मधासारखा. डबा जवळजवळ भरला होता. मी तो आणून पायरीवर ठेवला.

"हे कुनाचं?" आण्णांनी विचारलं.

"तुमचंच हाय री," मल्लप्पा म्हणाला.

आम्ही तो कबुलीजबाब समजलो. चोरीचा माल मालकाचाच असतो. आण्णा आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "किल्ली दे," एवढंच म्हणाले. मल्लप्पाने किल्ली डब्याच्या झाकणावर ठेवली. माझ्याकडे एकदा पाहिलं. गेटातला उतार चढून तो रस्त्याला लागला. आत ओट्यावर आईने बांधलेला त्याचा डबा तसाच होता. संध्याकाळी ती भाकरी कोणी खाल्ली नाही.

मल्लप्पा गेल्यावर आण्णांनी मला तेल काठापर्यंत भरायला लावलं आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधून ते स्वतः गाडी चालवायला लागले. चौथ्या का पाचव्या दिवशी होटगी रस्त्यावर रेल्वेचं फाटक लागलेलं दिसलं, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. मी शेजारी बसले होते. हॅन्डब्रेक ओढून, गिअर पाडत, रस्त्याकडेच्या मुरमात चाकं घालून त्यांनी ती थांबवली, तेव्हा फाटकाच्या आडव्या दांड्यात आणि आमच्या काचेत वीतभर अंतर होतं. मालगाडी गेली. आण्णांनी तिचे डबे मोजले, ओठ हलताना मला दिसत होते.

घरी आणून मागची चाकं खोलली. डाव्या चाकाच्या ड्रमात तेल होतं. ब्रेकची पट्टी त्यात भिजून काळी झाली होती. आण्णांनी ती बोटाने चोळून पाहिली आणि म्हणाले, "जाताना सील फोडून गेला." म्हणजे आखाच्या टोकाला तेल अडवणारी कडी मल्लप्पाने मुद्दाम खराब केली. मल्लप्पा गेला त्या दिवशी गाडीला हात न लावता गेला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी "असेल" म्हणाले. तो एक शब्द मला अजून ऐकू येतो.

कडी बदलायची तर हौसिंगचं तेल सोडायला हवं होतं. परात खाली गेली, बोल्ट निघाला, तेल आलं आणि नेहमीप्रमाणे पेरूच्या बाजूने सांडायला लागलं. आई राखेचं घमेलं घेऊन उभी होती. मी परात सरकवली, फिरवली, खाली चिंधी सारली. आई म्हणाली, "परातीला कशाला ढकलतीस? परात काय करंल? अंगनच उतरतं हाय."

मी परातीजवळ ओणवी होते. माझ्यासमोर परातीतलं तेल होतं: पेरूकडच्या काठाला टेकलेलं आणि गेटाकडे बूड उघडं टाकलेलं. माझ्या डोक्यावर हौसिंग होतं. त्यातलं तेलही असंच पेरूकडे, म्हणजे पुढे, गोळा होत असणार. आणि लेव्हलचं भोक मागे, गेटाकडे. भोकापाशी ते कमी दिसणारच. आम्ही ते कमी समजून काठापर्यंत भरत होतो. सपाट रस्त्यावर ते जास्त होत होतं आणि आखातून वाट काढून ब्रेकवर उतरत होतं. ही गोष्ट आईने पहिल्या दिवशी सांगितली होती. मल्लप्पाने दुसऱ्या वेळी सांगितली होती.

मी बाहेर आले आणि आण्णांना सांगितलं. त्यांनी नवी कडी माझ्या हातात दिली. कडी बसल्यावर मात्र म्हणाले, "भर. काटापतूर." मी भरलं, बोल्ट लावला. मग त्यांनी ट्रक मागे घेतला, शाळेपुढच्या सपाट रस्त्यावर नेऊन उभा केला आणि मल्लप्पाचा पत्र्याचा डबा रिकामा करून मला दिला. मी खाली शिरून बोल्ट ढिला केला. बोट घालायची वेळ आली नाही. तेलाची धार लागली. ती थांबली तेव्हा डबा एक तृतीयांश भरला होता. मल्लप्पा असताना आम्ही तीन वेळा असंच काठापर्यंत भरलं होतं, आणि त्याचा डबा जवळजवळ भरलेला सापडला होता. आण्णांनी डब्यात पाहिलं, झाकण लावलं आणि चाकाला टेकून रस्त्यावरच बसले.

होटगीला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मल्लप्पाचं घर स्टेशनच्या मागे होतं. तो दारात एका ट्रॅक्टरचं चाक काढून बसला होता. दुसऱ्याकडे कामाला लागला होता. त्याच्या बायकोने चहा केला. आण्णांनी बराच वेळ ट्रॅक्टरबद्दल चौकशी केली. मग पिशवीतून डबा काढला आणि पुढे केला. "तुजा डबा," ते म्हणाले.

मल्लप्पाने झाकण उघडून बघितलं. "डबा माजा," तो म्हणाला. "तेल तुमचं. चांगलं तेल हाय, मातीत कसं सोडू? साठलं की परत वतू म्हनून ठिवलं हुतं." त्याने तेल आमच्याच पिशवीतल्या रिकाम्या बाटलीत ओतलं, डबा सुताने पुसला आणि आपल्याजवळ ठेवला. परत ये, असं आण्णा म्हणाले नाहीत. येतो, असं तो म्हणाला नाही.

निघताना मी थांबले. मला एक गोष्ट कळत नव्हती. "काका," मी म्हणाले, "तेव्हा बोल्टाला पांढरं सूत का लावलंत? गाडीत हिरवं होतं की."

"ढीग हुता हिरव्याचा," मल्लप्पा म्हणाला. "खोलला तवाच कळलं मला. पाच येडं, समदं हिरवं. इन्स्पेक्टर बाईंनी पाळत ठिवलीय." तो हसला नाही. "हिरवंच लावलं असतं तर कळलं नसतं तुमाला. म्हनून पांडरं लावलं. म्हनलं, आता तरी इचारतील, मल्लप्पा, का खोललास? खोललास का, इचारलं मालकानी. काडलंस का, इचारलं. का काडलंस, ते कुनी इचारलंच न्हाय री."

आता मी शहरातल्याच नव्या वस्तीत, जुळे सोलापुरात राहते. सर्व्हिसिंगला दिलेल्या मोटारीचे फोटो मुलाच्या फोनवर येतात, तेल बदलल्याची हिरवी खूण येते. तो ती बघून फोन ठेवून देतो. त्याच्या या विश्वासाचं मला कौतुकही वाटतं आणि भीतीही. मी खाली पार्किंगमध्ये जाते तेव्हा गाडीकडे नाही, फरशी कुठे उतरते तिकडे बघते.

त्या दिवशी होटगीहून परतताना फाटक लागलेलं होतं. आण्णांनी गाडी खूप अलीकडे थांबवली आणि इंजिन बंद केलं. मालगाडी येत होती. समोर बघतच ते म्हणाले, "गाडी भायेर काढा म्हनला हुता का गं त्यो? तू हुतीस की तितं."

"व्हय," मी म्हणाले. "आणि चाकाचंही सांगितलं होतं."

मालगाडी गेली, फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, एक रिक्षावाला शिवी देऊन बाजूने पुढे गेला, तरी आण्णांनी किल्ली फिरवली नव्हती.